चौथा कोपरा

सुरतमधल्या पांडेसरा जीआयडीसीतल्या एका मिलमध्ये मी केमिकल स्टोअर सांभाळतो. उधन्याहून रोज सायकलने येणारा नंदुरबारचा माणूस. पंधरा वर्षं झाली, म्हणजे 500 किलोचा प्लॅटफॉर्म काटा मला पाठ असायला हवा होता. नव्हता, हे एका जुलैत कळलं.

सकाळी काटा चालू केला तर आकडे फिरले आणि शून्य येण्याऐवजी ‘एरर’ येऊन थांबली. बंद-चालू केलं, पुन्हा तेच. बाहेर मशीनवाले कॉस्टिक सोड्यासाठी ओरडत होते. मेकॅनिकला फोन करायचा सोडून मी शहाणपणा केला. आकडे दाखवणाऱ्या इंडिकेटरचं सील तोडलं, बटणं दाबून कॅलिब्रेशनमध्ये शिरलो, कॉस्टिकच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या मधोमध ठेवल्या आणि ‘हे शंभर’ असं काट्याला सांगितलं. एरर गेली. मला वाटलं, काटा दुरुस्त झाला.

चार दिवसांनी वेट रिडक्शनच्या लॉटची तक्रार आली. पॉलिस्टर मऊ पडावं म्हणून कॉस्टिकमध्ये त्याचं वजन मुद्दाम घटवतात. कॉस्टिक जास्त झालं की कापड विरतं. आमचं विरलं होतं. बोटाने ओढलं की फाटायचं.

तेव्हा मेकॅनिकला बोलावलं. त्याने इंडिकेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. एक गोणी उचलली, मधे ठेवली : 50. भिंतीकडच्या कोपऱ्यावर सरकवली : 31. समोरच्या कोपऱ्यावर : 64. मग वरचा पाटा उचलला. खाली प्रत्येक पायात वजन मोजणारा लोडसेल असतो; त्यातल्या एकाची वायर उंदराने कुरतडली होती. चारांपैकी एक सेल मेला, त्यामुळे रिकाम्या पाट्याचा सिग्नल घटला, शून्य ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं. काटा तेच सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं. आमचा हेल्पर ड्रम नेहमी भिंतीकडे ठेवायचा, म्हणून काटा कमी दाखवायचा आणि तो भर टाकत राहायचा.

“सील किसने खोला?” एवढंच त्याने विचारलं. मी चहा मागवला.

म्हणून सांगतो. एरर आली की आधी फोटो काढा आणि कधी आली ते लिहून ठेवा : चालू करताना की वजन ठेवल्यावर. एका कंपनीच्या ‘एरर 4’चा दुसऱ्या कंपनीत वेगळाच अर्थ असतो, म्हणून पुस्तिका कपाटात नको, काट्याजवळ हवी. मग पाट्याखाली बघा. मीठ, चिखल, अडकलेला दगड, सेलच्या वायरी जिथे जोडतात त्या जंक्शन बॉक्समधलं पाणी. सुरतच्या पावसात निम्मे आजार तिथेच निघतात. ‘ओव्हरलोड’ दिसतंय आणि काटा रिकामा आहे, तर वायर किंवा सेल बघायचा. बॅटरीची खूण आली, तर चार्जर लावून वाट पाहायची, इतकंच. सेल तपासायचा तर वीज बंद करून, जंक्शन बॉक्समधून सोडवून मल्टीमीटर लावतात. 350 ओहमच्या सेलचा सिग्नलच्या तारांवरचा आकडा साडेतीनशेच्या आसपास यायला हवा. हे काम मेकॅनिकचं, पण बघत उभं राहायला हरकत नाही. आणि काट्याशेजारी वेल्डिंग चालू असेल तर अर्थिंगचा चिमटा पाट्याला लावू देऊ नका, सेल तिथल्या तिथे जळतो.

सील मात्र आपण तोडायचं नाही. याच काट्यावर आमचं भंगार आणि रिकामे ड्रमही विकले जातात. व्यवहाराचा काटा म्हटला की 2009चा वैधमापन कायदा लागू होतो : दुरुस्ती परवानाधारकाकडून, नंतर पुन्हा पडताळणी आणि मोहोर, इलेक्ट्रॉनिक काट्याला तशीही दरवर्षी लागते. त्या महिन्यात मी या कागदांवर सही घेण्यासाठी किती वेळा केबिनच्या दारात उभा राहिलो ते आमच्या शेठना विचारा.

आता शिफ्ट सुरू होताना 20 किलोचं मोहोरबंद वजन चारही कोपऱ्यांवर फिरवतो. दोन मिनिटं लागतात. हेल्पर हसतो, “भाऊ, काट्याला प्रदक्षिणा घालतात.” घालतो. भिंतीकडचा कोपरा सगळ्यात शेवटी, आणि तिथे आकडा स्थिर होईपर्यंत हात काढत नाही हे त्याने अजून पाहिलेलं नाही. मग हात काढतो, आणि आकडा पुन्हा वाचतो.