कडधान्याची गाठ, शेतकऱ्याची पेठ



पूर्वहंगामी उसात हरभरा घेतला की पुष्कळदा ऐकायला मिळते, "झाड माजलं, पण घाटे कुठं हायेत?" याचे उत्तर रायगडच्या वालात सापडते.

पनवेलजवळच्या सुकापूरला आज इमारती उभ्या आहेत. परंतु रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीच्या अंगओलीवर वाल घेण्याची जुनी रीत टिकून आहे. त्याला पाणी नाही, वरखताची चैन नाही. तरी वाल येतो, कारण मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. बाहेरून नत्र फार दिला की गाठी कमी धरतात आणि नुसता पाला वाढतो. म्हणून उसाचा युरिया उसाच्याच ओळीला द्यावा, हरभऱ्याला नव्हे.

बीजप्रक्रिया : 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम व तितकेच स्फुरद विरघळविणारे जिवाणू गुळाच्या थंड पाण्यातून चोळावे. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. हरभऱ्याचे पाकीट वालाला चालत नाही. वालासाठी चवळी गटाचे मागावे.

भरखत : एकरी 2 टन चांगले कुजलेले शेणखत पुरे. कारखान्यातील प्रेसमड (गाळलेल्या उसाच्या सुमारे 3 ते 4 टक्के) कुजवूनच वापरावा. ताजा टाकल्यास तो रानात तापतो आणि रोपांना इजा होते.

जीवामृत : 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन व बांधावरची मूठभर माती कालवावी. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावे. एवढे एका एकराला, जमिनीत ओल असताना द्यावे. मात्र हे विरजण आहे, जेवण नव्हे. शेणखताची जागा ते घेत नाही.

आता परीक्षा. पेरणीनंतर महिन्याभराने दोन-चार रोपे खुरप्याने मातीसकट अलगद काढा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही.

आणखी एक करा. दोन गुंठे जीवामृत देऊन, दोन गुंठे न देता ठेवा. बाकी मशागत सारखीच करा. मळणी वेगवेगळी करून माल तराजूत घाला. शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा आपल्या रानाचे वजन खरे.