सूज आणि बाळसे : स्वस्त शेअर्सच्या मोहाविषयी थोडेसे

बालरोगतज्ज्ञाने शेअर बाजारावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही आणि कोणता शेअर घ्यावा अथवा विकावा हे सांगण्याचा या लेखाचा हेतूही नाही. परंतु अलीकडे आपल्या बेळगाव-निपाणी भागात डॉक्टरांच्या बैठकी संपून चहा सुरू झाला, की एक विषय हमखास निघतो. दोन-पाच रुपयांना मिळणारा कुठल्यातरी अपरिचित कंपनीचा शेअर आणि तो वर्षभरात कसा ‘दसपट’ होणार आहे, याची खबर! अशा शेअर्सना बाजारात ‘पेनी स्टॉक’ म्हणतात. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती सुमारे चार कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. या नव्या खातेदारांमध्ये आपले निवासी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषध दुकानदार आहेत आणि आपल्या रुग्णांचे पालकही आहेत. म्हणून हा विषय आपल्या स्मरणिकेत अप्रस्तुत ठरू नये.

भागभांडवल ही कल्पना आपल्या परिसराला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले आणि १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. आपल्याच जिल्ह्यातील उगार साखर कारखान्याची कंपनी १९३९ची. खानदेशातील अमळनेरला १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तेलाची कंपनी निघाली. तीच पुढे ‘विप्रो’ झाली आणि तिचे शेअर्स जपून ठेवणारी अमळनेरची कुटुंबे श्रीमंत झाली. स्वस्त शेअरची शिफारस करणारा प्रत्येक जण आज अमळनेरचा दाखला देतो. मात्र या गोष्टीतले दोन तपशील तो गाळतो. अमळनेरकरांच्या डोळ्यांसमोर कारखाना उभा होता आणि त्यांनी शेअर दशकानुदशके हलविला नाही. खबर ऐकून सोमवारी घेणे आणि गुरुवारी विकणे याचा अमळनेरशी काहीही संबंध नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात नव्या कंपन्यांच्या शेअर विक्रीचा महापूर आला होता. लोकांचे पैसे घेऊन पत्ताच न राहिलेल्या कंपन्यांच्या शोधासाठी १९९९ साली केंद्र सरकार आणि ‘सेबी’ यांची संयुक्त समिती नेमावी लागली; दोनशेहून अधिक कंपन्या ‘गायब’ ठरल्या. त्यांची प्रमाणपत्रे आजही अनेक घरांतील कपाटांत आहेत. पण त्यांचा दाखला कोणी देत नाही.

किंमत आणि वजन

एखाद्या पालकाने फोनवर विचारले, “डॉक्टर, बाळाचे वजन आठ किलो आहे, ठीक आहे ना?” तर आपला पहिला प्रश्न असतो, “वय किती?” आठ महिन्यांच्या बाळाचे वजन आठ किलो असेल तर चिंता नाही, तीन वर्षांच्या मुलाचे तेवढेच असेल तर ते तीव्र कुपोषण होय. नुसता आकडा काहीच सांगत नाही.

शेअरचा भाव हाही असाच नुसता आकडा आहे. समजा, एका कंपनीचे शंभर कोटी शेअर्स आहेत आणि भाव तीन रुपये आहे. म्हणजे बाजार त्या संपूर्ण कंपनीची किंमत तीनशे कोटी रुपये धरीत आहे. दुसऱ्या कंपनीचे शेअर्स दहा लाख आणि भाव हजार रुपये. तिची किंमत शंभर कोटी. दोघींचा नफा सारखाच असेल, तर तीन रुपयांचा शेअर हजार रुपयांच्या शेअरपेक्षा तिप्पट महाग झाला! ‘तीन रुपयांत काय जाते?’ असे म्हणणारा गृहस्थ वय न विचारता वजन पाहत असतो.

याचे उलट उदाहरणही बोधप्रद आहे. मुंबईच्या ‘एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स’ या कंपनीचे शेअर्स अवघे दोन लाख. तिच्या तिजोरीत मात्र ‘एशियन पेंट्स’चे मौल्यवान शेअर्स. वर्षानुवर्षे तिचा भाव कागदोपत्री तीन-साडेतीन रुपये दिसे, कारण त्या भावाला विकणाराच कोणी नव्हता. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी खऱ्या किमतीचा शोध घेण्यासाठी विशेष लिलाव झाला आणि ३ रुपये ५३ पैशांचा भाव एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटले. वस्तुतः कंपनी त्या दिवशी श्रीमंत झाली नव्हती. ती आधीपासूनच श्रीमंत होती आणि भावाचा आकडा निरर्थक होता.

आणखी एक लाडका युक्तिवाद असा, की “इतका पडलेला शेअर आणखी किती पडणार?” याचे उत्तर ‘डीएचएफएल’ या गृहकर्ज कंपनीने दिले आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या विक्रीची योजना मंजूर केली. भागधारकांच्या हाती शून्य पडणार, हे त्या योजनेतच होते. तरीही ‘कंपनीला नवा मालक मिळाला’ एवढेच ऐकून त्याच आठवड्यात लोकांनी वीस रुपयांच्या आसपास हा शेअर खरेदी केला. त्यानंतर काही दिवसांतच व्यवहार थांबले आणि शेअर रद्द झाला. भाव शून्यापर्यंत जाऊ शकतो आणि वीस रुपयांवरून शून्यावर येणे म्हणजे संपूर्ण भांडवल जाणे होय.

सुजेचे बाळसे

क्वाशिओरकर या प्रथिनांच्या अभावाशी निगडित कुपोषणात मुलाचे गाल भरलेले दिसतात, पाय गुबगुबीत होतात आणि वजनाचा काटाही फसवा आधार देतो. शेजारीपाजारी म्हणतात, बाळाने चांगले बाळसे धरले आहे. आपण पायावर अंगठा दाबतो, खळगा पडतो आणि ही सूज आहे हे उघड होते. सुजेला बाळसे समजू नये, असे आपली भाषा पूर्वीपासून सांगत आली आहे. स्वस्त शेअरची अचानक वाढ पाहताना हेच वाक्य ध्यानी ठेवावे.

ही सूज कशी आणली जाते? अशा कंपनीचे बरेचसे शेअर्स मोजक्या मंडळींच्या हाती असतात. बाजारात त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात. ते एकमेकांतच खरेदी-विक्री करून भाव रोज थोडा थोडा चढवितात. एका दिवसात भाव किती चढावा वा उतरावा याला बाजाराने मर्यादा घातलेली असते. तिला ‘सर्किट’ म्हणतात. रोज वरचे सर्किट लागलेला शेअर पाहून नवख्याला वाटते, की मागणी प्रचंड आहे. मग संदेश, समूह आणि चित्रफिती यांमधून खबर सोडली जाते. बाहेरची माणसे धावून येतात आणि आतली मंडळी त्यांना आपला माल विकून मोकळी होतात.

‘साधना ब्रॉडकास्ट’ या लहान कंपनीचे प्रकरण हा याचा वस्तुपाठ आहे. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवरील चित्रफितींतून ही कंपनी अदानी समूह विकत घेणार असल्याच्या खोट्या बातम्या पसरविल्या गेल्या. मार्च २०२३ मधील ‘सेबी’च्या अंतरिम आदेशानुसार शेअर घेणाऱ्या लहान गुंतवणूकदारांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली आणि याच काळात काही प्रवर्तक व त्यांच्याशी संबंधित मंडळींनी चढ्या भावाने विक्री केली. मे २०२५ मधील अंतिम आदेशात ५९ व्यक्ती व संस्थांवर बाजारबंदी आली आणि सुमारे ५८ कोटी रुपयांचा अवैध लाभ व्याजासह परत करण्यास सांगण्यात आले. न्याय झाला, पण तो तीन वर्षांनी.

चढताना जे सर्किट मोहक वाटते, तेच उतरताना सापळा होते. निपाणीजवळच्या एका गावातील निवृत्त शिक्षक नातवाला दम्याच्या तपासणीसाठी माझ्याकडे आणीत असत. एकदा तपासणी झाल्यावर ते संकोचाने म्हणाले, “डॉक्टर, एक विचारू का? शेअर विकायला लावला तर विकला का जात नाही?” मी म्हटले, “गुरुजी, घेणारा कोणी नसेल तर विकणार कसा?” निवृत्तीच्या रकमेतील तीन लाख रुपये त्यांनी एकाच कंपनीत घातले होते. रोज पाच टक्क्यांचे खालचे सर्किट लागत होते. विकणाऱ्यांची रांग होती आणि खरेदीदाराच्या रकान्यात शून्य. रोज पाच टक्के घट ऐकायला किरकोळ वाटते, पण अशा वीस दिवसांत शंभराचे छत्तीस उरतात. हा शेअर का घेतला, असे विचारल्यावर ते म्हणाले, “आमच्या गावच्या डॉक्टरांनी घेतला होता. ते शिकलेले, विचार करूनच घेतला असेल म्हटलं.” त्या डॉक्टरांनी आपले शेअर्स आधीच विकले होते. ते गुरुजींना कळविण्याचे त्यांना सुचले नव्हते.

अंगठ्याची चाचणी

निपाणीचा तंबाखू व्यापारी पाला हातात घेतल्याशिवाय भाव बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा शहाणपणा पाहिलेल्या आपण मंडळींनी केवळ मोबाईलवरील संदेशावर पैसे लावावेत, हे शोभत नाही. पुढील तपासण्या कोणालाही घरबसल्या करता येतात.

१. कंपनीची एकूण बाजारकिंमत पाहावी, शेअरचा भाव नव्हे. ती नफ्याच्या किती पट आहे, हे काढावे.

२. किमान पाच वर्षांचे ताळेबंद पाहावेत. बाळाच्या वाढीचा आलेख आपण एका नोंदीवरून काढीत नाही. नफा कागदावर आहे, परंतु धंद्यातून रोकड येत नाही, असे असेल तर सावध व्हावे.

३. प्रवर्तकांचा हिस्सा घटत आहे काय, त्यांनी शेअर्स तारण ठेवले आहेत काय, हे दर तिमाहीस जाहीर होते. लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला असेल, तर ते गंभीर लक्षण समजावे.

४. दिवसभराच्या उलाढालीपैकी किती शेअर्सची प्रत्यक्ष ‘डिलिव्हरी’ झाली, तेही शेअर बाजार प्रसिद्ध करतात. उलाढाल मोठी आणि डिलिव्हरी अल्प, तर तो सट्ट्याचा वारा असू शकतो. मात्र डिलिव्हरी भरपूर असली म्हणून शेअर निर्धोक ठरत नाही.

५. शेअर बाजारांच्या विशेष देखरेखीच्या याद्या असतात. ‘जीएसएम’ ही यादी २०१७ पासून व ‘एएसएम’ ही २०१८ पासून आहे. शेअर तेथे आढळला, तर खबर देणाऱ्याचे आभार मानून विषय संपवावा.

६. खबर देणाऱ्याचा त्यात काय लाभ, हा प्रश्न सर्वांत शेवटी लिहिला असला तरी सर्वांत आधी विचारावा.

मात्रा

सर्व तपासण्या करूनही ज्यांना या मार्गाला जायचे आहे, त्यांनी मात्रेचा विचार करावा. बालरोगशास्त्रात औषध वजनाच्या प्रमाणात दिले जाते. एकाला सोसणारी मात्रा दुसऱ्याला घातक ठरते. पूर्ण बुडाली तरी घरातील एकही ठरलेले काम अडणार नाही, एवढीच रक्कम अशा शेअर्ससाठी असावी. मुलांचे शिक्षण, आरोग्यविमा, दवाखान्याचे कर्ज आणि अडीअडचणीची ठेव यांना हात लावू नये. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नयेत. दवाखान्यात रोज पिग्मी भरणारा आपला कर्मचारी व्याज थोडे मिळवितो, पण रात्री शांत झोपतो.

वारंवार खरेदी-विक्री करून चतुर माणूस जिंकतो, हाही भ्रम आहे. ‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षी एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. तीस वर्षांखालील तरुणांत हे प्रमाण शेकडा ७६, तर वर्षात पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत शेकडा ८० होते. मात्रा वाढविल्याने दुष्परिणाम वाढले, गुण आला नाही.

डॉक्टरांचा शब्द

शेवटी माझ्या समव्यावसायिक बंधुभगिनींना एक विनंती. आपण स्वतःच्या पैशाचे काय करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु आपल्यासारख्या लहान गावांत डॉक्टरांचा शब्द केवळ औषधापुरता राहत नाही. मुलगी कोठे द्यावी, शेत विकावे की ठेवावे, हेही लोक आपल्याला विचारतात. चहाच्या टेबलावर आपण सहज उच्चारलेले कंपनीचे नाव कंपाउंडर ऐकतो, तो घरी सांगतो आणि ते नाव प्रिस्क्रिप्शनच्या विश्वासाने घेतले जाते. फरक इतकाच, की औषध लिहिताना आपण वय, वजन आणि पूर्वीचे आजार विचारतो, रुग्णाला पुन्हा बोलावतो आणि गुण न आल्यास औषध बदलतो. शेअरची खबर देताना यांपैकी काहीही करीत नाही.

गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी ‘सेबी’कडे नोंदणी आवश्यक आहे, २०१३ पासून त्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. नोंदणी नसलेल्याने सल्ल्याचा व्यवसाय करणे म्हणजे पदवीशिवाय दवाखाना थाटणे. बोगस डॉक्टरांविरुद्ध आपण आवाज उठवितो; मग या प्रांतात आपणच ती भूमिका का घ्यावी? रुग्णाने शेअरविषयी विचारल्यास, “हा माझा विषय नाही, नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा,” असे सांगावे. त्याची फसवणूक झालीच असेल, तर ‘सेबी’च्या ‘स्कोअर्स’ या संगणकीय तक्रार व्यवस्थेची माहिती द्यावी. आपल्या शब्दावर लोकांचा जो विश्वास आहे, तो अनेक वर्षांच्या रुग्णसेवेतून जमलेला आहे. दोन रुपयांच्या शेअरसाठी तो खर्ची घालू नये, एवढीच विनंती.