हाती आलेला निरोप : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

गेल्या पावसाळ्यात सातवीपर्यंतच्या एका शाळेस भेट देण्याचा प्रसंग आला. आदल्या रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता. शाळेत पोहोचलो, तो पटावरील निम्म्याहून अधिक मुले अनुपस्थित. चौकशी करता समजले की, अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी दिल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रात्रीच गावातील बहुतेक मोबाईलवर येऊन पोहोचला होता. मुख्याध्यापकांनी तो मला दाखविला. शिक्का खरा, स्वाक्षरी खरी, मजकूरही कार्यालयीन घाटाचा. मात्र बोटांनी चित्र मोठे करून वरच्या कोपऱ्यातील अंधुक तारीख वाचली, तेव्हा तो आदेश मागील वर्षीचा निघाला. "आदेश तर खराच आहे, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले. आणि ते म्हणत होते ते अक्षरशः बरोबर होते.

त्या दिवशी काही मुलांचे एका दिवसाचे अध्ययन बुडाले, याहून अधिक हानी झाली नाही. परंतु खऱ्या कागदाने खोटा निरोप कसा पोहोचतो, हे मुलांना शिकविण्याची सोय आपल्या कोणत्या विषयात आहे, हा विचार परतताना मनात घोळत राहिला. प्रस्तुत लेख त्या विचारातून लिहिला आहे.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा चौकात उभा राही. तो कोणाच्या हुकमाने बोलतो हे सर्वांस ठाऊक असे, आणि शंका आल्यास त्यालाच थांबवून विचारता येई. वृत्तपत्रावर संपादकाचे व मुद्रकाचे नाव छापलेले असते. आकाशवाणीच्या बातमीमागे एक संस्था उभी असते. समाजमाध्यमांची गोष्ट मूलतः निराळी आहे. येथे जो ऐकतो तोच पुढच्या क्षणी सांगणारा होतो, आणि सांगताना आपण काही सांगितले असे त्याला वाटतही नाही. त्याने केवळ 'पुढे पाठविले' असते. दवंडी पिटणारा असा हात झटकू शकत नसे.

या साधनाची निंदा करावी, असा माझा हेतू नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गेलेले आईबाप पुढे कित्येक महिने परजिल्ह्यात किंवा परराज्यात असतात. आजीजवळ मागे राहिलेले मूल रात्री पडद्यावर आईचे तोंड पाहून झोपते, हे ज्या शिक्षकाने पाहिले आहे, तो मोबाईलला सरसकट शाप म्हणणार नाही. पावसाचा इशारा, बाजारसमितीतील भाव, रक्ताची तातडीची गरज, रुग्णवाहिकेचा क्रमांक या गोष्टी आज वाडीवस्तीपर्यंत काही क्षणांत पोहोचतात. एकशिक्षकी शाळेतील ज्या शिक्षकास पूर्वी वर्षानुवर्षे आपल्या विषयावर बोलावयास कोणी मिळत नसे, त्यास आता अपूर्णांक शिकविण्याची एखादी नवी युक्ती परजिल्ह्यातील सहकाऱ्याकडून घरबसल्या मिळते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन ध्वनिफिती व चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले. साधन कोणाच्या हाती आहे यावर किती अवलंबून असते, हे दाखविण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या काळात तर आपले सर्वांचे अध्यापन या गटांवरूनच चालले. त्याचे श्रेय त्यास द्यावयास हवे. परंतु ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर शेतावर जाणारा, त्या घरातील मूल त्या वर्षी कोठे राहिले, हेही आपण पाहिले आहे. सोलापूर शहरातील निलमनगर भागात तेव्हा घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले. भिंतीस विद्युतभार लागत नाही, आणि ती कोणाबरोबर शेतावर जात नाही.

आता मुलांच्या हाती हे साधन किती आले आहे ते पाहू. 'असर' या ग्रामीण पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. म्हणजे आपण शिकवू वा न शिकवू, मूल त्या बाजारात जाऊन पोहोचलेले आहे. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे १३ वर्षांखालील मुलास त्यावर खाते उघडता येत नाही. सातवीच्या वर्गातील किती मुले आईच्या नावाने ते वापरतात, हे वर्गशिक्षकास विचारून पाहावे.

येथे एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. सुखाने सांगावी अशी ती नाही.

२०१८ च्या जून महिन्यात मी केंद्रप्रमुख होतो. एका सायंकाळी, मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात शिरली असून ती वेषांतर करून फिरत आहे, असा निरोप माझ्या मोबाईलवर आला. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मुलांच्या काळजीपोटी मी तो केंद्रातील मुख्याध्यापकांच्या गटावर टाकला आणि खाली माझी एक ओळ जोडली : 'सर्वांनी दक्षता घ्यावी.' कोठून आला, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी एका गावात सुया, मणी व फण्या विकणारे एक वृद्ध जोडपे लोकांनी देवळात कोंडले. त्यांची गाठोडी उपसून चिखलात टाकण्यात आली. त्या गावच्या मुख्याध्यापिकाबाई पोलीस येईपर्यंत तीन तास देवळाच्या दारात उभ्या होत्या; त्यामुळे मारहाण टळली. पुढे भेटल्या तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सर, लोक मला तुमचाच निरोप दाखवीत होते." माझी ती एक ओळ रात्रीतून 'केंद्रप्रमुखांनी कळविले आहे' अशी झाली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. गावोगाव भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा परंपरागत जीवनक्रम. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. त्या देवळाच्या दारात बाई उभ्या राहिल्या नसत्या तर, हे वाक्य मी त्या दिवसापासून पुरे करू शकलेलो नाही.

त्या काळात भारतभर एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. वास्तविक ती पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. हा अखेरचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. सावध करणारी चित्रफीत अशा रीतीने माणसे मारण्यास कारण होऊ शकली.

मूळ निरोप कोणाचा, हे शोधणेही सोपे नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील मजकूर पाठविणारा व घेणारा यांच्यावाचून इतरांस, अगदी त्या कंपनीसही, वाचता येत नाही. घरगुती बोलणे गुप्त राहावे हे उत्तमच. परंतु त्याच पडद्याआड अफवेचा जनकही बसतो. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला; जानेवारी २०१९ मध्ये तो जगभर लागू झाला; आणि अनेकवार पुढे गेलेला, दुहेरी बाणाचे चिन्ह असलेला निरोप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. हा बांध उपयोगी खरा. परंतु ज्याने पाचशे माणसांच्या एकाच गटावर टाकावयाचे ठरविले आहे, त्यास एक वेळही पुरते.

आता पाठाकडे वळू. त्यास दोन तासिका लागतात आणि मोबाईलची मुळीच आवश्यकता नाही.

बहुतेक शिक्षक हा विषय 'कानगोष्टी' या खेळाने सुरू करतील. मीही प्रथम तसेच केले, आणि फसलो. कानगोष्टीत निरोप कानोकानी जाताना त्यातील शब्द बदलतात. मोबाईलवर शब्द बदलत नाहीत. पहिल्याने लिहिलेले हजाराव्यास जसेच्या तसे मिळते, आणि म्हणूनच ते खरे वाटते. बदलतो तो शब्दांभोवतीचा संदर्भ. गळते ते स्थळ, गळतो तो काळ, गळते ते सांगणाऱ्याचे नाव. म्हणून खेळ घ्यावयाचा तर पुढीलप्रमाणे घ्यावा.

शाळेच्या जुन्या सूचनावहीतील एखादी सूचना मोठ्या कागदावर उतरून घ्यावी. उदाहरणार्थ, 'उद्या सकाळी आठ वाजता सर्वांनी डबा घेऊन यावे.' वर तारीख, खाली मुख्याध्यापकांची स्वाक्षरी व इयत्ता. आता मुलांदेखत कागदाची वरची पट्टी फाडावी, मग खालची. उरलेला तुकडा फळ्यावर लावून विचारावे, "यात खोटे काय आहे?" मुले बराच वेळ शोधतात. खोटे काहीच सापडत नाही. मग विचारावे, "उद्या डबा आणाल का?" या ठिकाणी शिक्षकाने घाई करू नये. एका वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "कुठला उद्या, सर?" मला हवा होता तो संपूर्ण पाठ त्या तीन शब्दांत आला होता.

यानंतर वृत्तपत्रातील एक छोटी बातमी व कोणताही फिरता निरोप शेजारी शेजारी फळ्यावर लिहावेत. बातमीतील गावाचे नाव, दिवस, कार्यालय व माहिती देणाऱ्याचे पद यांखाली मुलांनी रेघा माराव्यात. मग तशाच रेघा निरोपात कोठे मारता येतात ते पाहावे. निरोपातील 'लगेच', 'सर्वांना पाठवा', 'वेळ घालवू नका' हे शब्द मुले आपणहून दाखवितात. ही घाई कोणाला व कशासाठी आहे, यावर त्यांना बोलू द्यावे. पुष्कळदा त्यांची उत्तरे आपल्यापेक्षा चतुर असतात.

खात्री करावी म्हणजे नेमके कोणास विचारावे, हे ठरविल्याशिवाय पाठ अपुरा राहतो. मुलांच्या आवाक्यातील माणसे सांगावीत : लसीविषयी आशाताई, सुट्टीविषयी वर्गशिक्षक, चोराचिलटांविषयी पोलीस पाटील, जमिनीच्या योजनेविषयी तलाठी. कोणी पैसे मागितले किंवा छायाचित्रावरून धमकावले, तर राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांक १९३० आहे. मूल संकटात असल्यास १०९८. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत.

केरळातील कन्नूर जिल्ह्यात गोवर-रूबेला लसीविरुद्धच्या अफवांचा अनुभव आल्यानंतर २०१८ मध्ये शासकीय शाळांतून असेच पाठ देण्यात आले होते. तेव्हा ही कल्पना माझी एकट्याची नव्हे. गृहपाठ मात्र माझा स्वतःचा आहे : मुलांनी आजी-आजोबांस त्यांच्या आठवणीतील अफवा विचारून लिहून आणावी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा मोबाईल जवळजवळ कोणाकडेच नव्हता, हे मुलांना अशाने कळते. विज्ञानशिक्षकांनी त्याच आधारे द्रवाचा पृष्ठताण शिकवून टाकावा.

शिक्षकांच्या स्वतःच्या गटांविषयी थोडेसे. रात्री दहा वाजता गटावर आलेली सूचना म्हणजे प्राप्त झालेले पत्र, असे मानण्याची प्रथा आमच्यासारख्या अधिकाऱ्यांनीच पाडली, हे मी मान्य करतो. उपक्रमाचे छायाचित्र काढण्यासाठी उपक्रम थांबवावा लागतो, हेही माझ्या दृष्टीस पडले आहे. आणखी एक बाब गंभीर आहे. मुलांची छायाचित्रे, त्यांची नावे व गावे आपण सहजगत्या सर्वत्र पाठवितो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलेले असून बालकाविषयीच्या माहितीस पालकांच्या संमतीचे तत्त्व त्यात घातले आहे. कायद्याची बारकाई बाजूस ठेवली, तरी आपल्या मुलीचे चित्र कोठवर जाते हे तिच्या आईस विचारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

हा पाठ पुढील शिक्षण परिषदेपूर्वी एका वर्गावर घेऊन पाहावा. मुलांनी विचारलेले प्रश्न व न जमलेल्या गोष्टी कागदावर लिहून केंद्रप्रमुखांकडे द्याव्यात. फळ्याचे छायाचित्र पाठविण्याची आवश्यकता नाही.