पन्नाशीतल्या रक्तवाहिन्या

अगं, पाळी गेल्यापासून तुझा रक्तदाब चढाच आहे आणि कुणीतरी तुला ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ पावडर सुचवली आहे, हे ऐकल्यापासून तुझ्याशी नीट बोलायचं होतं. पावडर तूर्त राहू दे. आधी हे प्रकरण काय आहे ते ऐक.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपलं शरीर स्वतःच बनवतं. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अगदी पातळ अस्तर असतं. तिथून हा वायू निघतो, बाहेरच्या बाजूच्या स्नायूला सैल करतो, आणि रक्तवाहिनी रुंदावते. दाब उतरतो. हा वायू टिकतो मात्र जेमतेम काही सेकंद. त्यामुळे साठवायची सोय नाही, सतत नव्यानं बनवावा लागतो. अस्तरातून असं काहीतरी निघतं हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. ते म्हणजे हा वायूच, हे कळायला आणखी काही वर्षं गेली, आणि १९९८ चं नोबेल त्यांना, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ना, ती गोळीही याच वायूच्या मार्गानं काम करते.

आता तुझं-माझं. इस्ट्रोजेन असेपर्यंत ते या अस्तराला वायू बनवायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत आटते. वयानं अस्तर मंदावतंच, पण आपल्या बायकांमध्ये ते पन्नाशीनंतर झपाट्यानं होतं. म्हणून इतकी वर्षं ‘मला कुठे बीपी’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींना याच वयात गोळी सुरू होते. तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, हे मनाशी पक्कं धर.

या अस्तराला जागं करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चालणं. रक्त वेगानं वाहू लागलं की ते अस्तराला घासत जातं आणि त्या घासण्यानंच वायू तयार होतो. घरात दिवसभर पायांवर असतेस हे मला माहीत आहे, पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. थोडा दम लागेल, तरी बोलता येईल, अशा चालीनं रोज अर्धा तास बाहेर पड.

दुसरा मार्ग ताटातून जातो, आणि तो मला फार आवडतो. माठ, चाकवत, पालक, मुळ्याचा पाला, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. ते पोटातून रक्तात जातं, तिथून लाळेत उतरतं, आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जंतू त्याचं नायट्राइट करतात. ती लाळ गिळली की पुढे शरीरात त्याचा हा वायू बनतो. लंडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये निरोगी माणसांना अर्धा लिटर बिटाचा रस दिला, तर काही तासांत वरचा रक्तदाब दहाएक अंकांनी उतरला. आणि काही जणांना लाळ गिळू न देता थुंकायला लावलं, तेव्हा तो परिणाम दिसला नाही! म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं रोज सकाळ-संध्याकाळ चुळा भरायची सवय असेल, तर दाताच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चालू ठेवू नकोस. त्यानं हे कामाचे जंतूही मरतात. पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नकोस, नायट्रेट त्या पाण्यातच उतरतं. ताकातला चाकवत कर, पाण्यासकट पोटात जातो. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस. मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र पालक आणि बीट बेतानं.

आणि मिशरी. मला ठाऊक आहे, तू अजून लपून लावतेस. तंबाखू या अस्तराचं थेट नुकसान करते, मग ती ओढा नाहीतर दातांना घासा. माझ्यासाठी सोड.

पावडरीचं म्हणशील तर, तिच्यात बहुधा आर्जिनिन नावाचं द्रव्य असतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते देऊन पाहिल्याचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. तुला झटका आलेला नाही, मान्य. तरी डॉक्टरांना न विचारता असलं काही घ्यायचं नाही. आणि बिटाच्या भरवशावर बीपीची गोळी तर मुळीच बंद करायची नाही.

चालताना पोटरी आवळून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढू नकोस. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं. याच आठवड्यात दाखवून ये. एकटीला जायचं नसेल तर मी येते सोबत.