उपचार मुलाचा, शिक्षण घराचे

मूल वर्षाचे झाले तरी बसत नाही, अंग ताठ करते, तेव्हा आपल्या वस्तीत पहिला जाब आईला विचारला जातो : “गरोदरपणी काय खाल्लेस?” पुढचा सल्ला नवसाचा, नाहीतर अंगाऱ्याचा. यात मुलाचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून अशा मुलांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या कार्याचा आम्ही येथे थोडक्यात परिचय करून देत आहोत.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हे कुणाच्या पापाचे फळ नव्हे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. झालेली इजा भरून येत नाही. परंतु योग्य उपचाराने मूल पुष्कळ शिकू शकते.

डॉ. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला हाच विकार होता. तिला इंग्लंडमध्ये मिळालेले उपचार व शिक्षण भारतात मिळत नव्हते. म्हणून १९७२ साली त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. अवघ्या तीन मुलांपासून सुरुवात झाली. शाळा, व्यायामोपचार, हातांच्या कामाचा सराव आणि वाणी-उपचार हे सारे एकाच छताखाली आणले गेले. पुढे ही संस्था ‘अडॅप्ट’ नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी चिब यांनी लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले व २०१० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते त्यांनी एका करंगळीने टाइप केले आहे.

या कार्यातून घेण्याचा मुख्य धडा असा की, उपचारतज्ज्ञ आठवड्यातून तासभर भेटतो. उरलेला सारा वेळ मूल घरच्यांच्या हाती असते. म्हणून चांगली संस्था मुलाबरोबर आई, वडील, आजी यांनाही शिकवते. पाय कात्रीसारखे आवळणाऱ्या मुलाला कडेवर घेताना त्याचे पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना टाकावेत. मांड्या मोकळ्या राहतात. आडवे ठेवून, मान मागे टाकून भरवू नये, ठसका लागतो. बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवावे. बोलता न येणाऱ्या मुलापुढे दोन वस्तू धराव्यात आणि त्याची नजर कुठे वळते याची वाट पाहावी. त्यालाही आवडनिवड असते. यासाठी पैसा लागत नाही, पण कुणीतरी दाखवावे लागते. आणि हा भार एकट्या आईवर टाकू नये. थकलेल्या आईलाही आधार हवा असतो.

चौथ्या महिन्यानंतरही मान सावरत नसेल, नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, तर “होईल हळूहळू” म्हणत थांबू नये. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते व गरजेप्रमाणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून त्यात अशा उपचारांचाही समावेश आहे.

समाजबांधवांनो, शेजारच्या घरात असे मूल असेल तर त्याच्या आईला दोष देऊ नका. तिच्याबरोबर केंद्रापर्यंत चला. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण मुलाचे वर्ष वाचेल.