घरात दोघी, कागदावर एकटी

प्रश्न : पुण्यात माझ्या भाचीच्या शेजारी दोघीजणी राहतात. तिशी ओलांडलेल्या, दोघीही नोकरीवाल्या. त्यांचं लेकरू साडेतीन वर्षांचं आहे. एकीला ते आई म्हणतं, दुसरीला माय. भाची म्हणते, त्या दोघी जोडपंच आहेत आणि लेकरू दत्तक घेतलेलं आहे. दिवाळीला गेले तेव्हा मी स्वतः बघितलं, लेकराचं खाणंपिणं, शिस्त, लाड, सगळं आपल्या घरांसारखंच. तरी मनात प्रश्न येतातच. हे कायद्यात बसतं का? शाळेच्या फॉर्मवर बापाच्या रकान्यात काय लिहितात? बापाशिवाय लेकरू नीट वाढतं का? आणि आपल्याकडं असं काही आधी कधी होतं, का हे सगळं नवीनच? रागानं विचारत नाही, समजून घ्यायचंय.
— एक निवृत्त शिक्षिका, परतूर (जि. जालना)

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्याच प्रश्नात सगळी गुंतागुंत आहे, त्यामुळं त्यालाच जास्त जागा लागेल.

दोन प्रौढ बायकांचं किंवा दोन प्रौढ पुरुषांचं संमतीचं नातं ६ सप्टेंबर २०१८ पासून आपल्या देशात गुन्हा नाही. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा तो भाग रद्द केला. लग्नाला मात्र मान्यता नाही. त्यासाठीचा खटला पाच न्यायमूर्तींपुढं चालला आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलायचा तर तो संसदेनं बदलावा, यावर पाचही जणांचं एकमत झालं. दत्तकाच्या मुद्द्यावर मात्र पीठ दुभंगलं. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचं म्हणणं होतं की, फक्त लग्न झालेलं जोडपंच चांगले पालक होऊ शकतं याला काही पुरावा नाही, म्हणून तो नियम भेदभाव करणारा आहे. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि नरसिंह यांनी नियम कायम ठेवला. तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

तो नियम असा. दत्तक देण्याचं काम 'कारा' ही केंद्रीय संस्था बघते. तिच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणं जोडप्याला मूल हवं असेल, तर त्यांचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन असावं लागतं. एकट्या बाईला, मग ती अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित, मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही, मुलगाच. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या घरात दत्तक कोणा एकीनं, एकटी म्हणून घेतलेलं असणार. बहुधा आईनं. मग माय कोण? कायद्याच्या नजरेत त्याच घरात राहणारी एक बाई, एवढंच.

त्यातही एक मेख आहे. जून २०२२ मध्ये 'कारा'नं पत्रक काढलं की लग्नाशिवाय जोडीदाराबरोबर दीर्घकाळ राहणाऱ्यांना एकटे अर्जदार म्हणूनही धरू नये. त्यामुळं घरभेटीला समाजसेविका आली की अशा घरातली एक खोली अचानक 'मैत्रिणीची' होते. ही लपवाछपवी कुणालाच आवडत नसणार. पण नियमच असा केला की लोक खोटं बोलायला शिकतात, हे आपण जमिनीच्या सातबाऱ्यापासून बघत आलोय.

आणखी एक गंमत बघा, गंमत म्हणायची तर. एकट्या अर्जदाराकडून नातेवाइकाचं हमीपत्र घेतात : उद्या तिला काही झालं तर लेकराला मी सांभाळीन. सही करतो गावाकडचा मामा किंवा काका. लेकराला औषध कुठलं चालतं, झोपताना कुठली गोष्ट लागते, हे त्याला माहीत नसतं. जिला माहीत आहे, तिची सही कुणी मागतच नाही.

यानं काय बिघडतं? रोजच्या दिवशी काहीच नाही. बिघडतं ते अडचणीच्या दिवशी. आईचा अपघात झाला, तर माय लेकराची कुणीच नसते. ताबा हवा असेल तर तिला १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टात जावं लागेल, आणि समोर हमीपत्रवाला मामा उभा असेल. माय गेली, तर मृत्युपत्र नसल्यास तिच्या घरातला, तिच्या पैशातला वाटा तिच्या आईवडिलांकडं किंवा भावांकडं जातो, लेकराकडं नाही. दोघी वेगळ्या झाल्या, तर मायनं लेकराला भेटायचं की नाही हे आईच्या मर्जीवर. आणि लेकराला तिच्याकडं पोटगी मागता येत नाही. बहुमताच्या निकालातही न्यायमूर्ती भट यांनी ही अडचण ओळखली होती आणि सरकारनं तिचा विचार करावा असं सुचवलं होतं. माझं मत विचाराल तर इथंच सगळ्या वादाचं मर्म आहे. या नियमानं त्या दोघींना लेकरू वाढवण्यापासून अडवलेलं नाही, त्या वाढवतच आहेत. नियमानं जे काढून घेतलंय ते लेकराचं आहे : दुसऱ्या पालकावरचा त्याचा हक्क.

एकट्या बाईला दत्तकाशिवाय दुसरा मार्ग दवाखान्यातून जातो. २०२१ च्या कायद्यानुसार २१ ते ५० वयाच्या अविवाहित बाईलाही दात्याच्या मदतीनं आई होता येतं. सरोगसी मात्र विवाहित जोडप्यांना, आणि ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटितेलाच. दोन पुरुष असतील तर त्यांच्यासाठी दवाखान्याचे दोन्ही दरवाजे बंद.

आता शाळेचा फॉर्म. इथं तुम्ही समजता तेवढी अडचण नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनंच ठरवलाय. अविवाहित आई बापाचं नाव न सांगताही मुलाची एकटी पालक होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टलाही आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरतं. परित्यक्ता आणि एकल आयांनी वर्षानुवर्षं भांडून हे मिळवलंय, आणि आज त्याचा उपयोग या घरांनाही होतोय. राहिली माय. तिचं नाव बहुतेक ठिकाणी 'मावशी' म्हणून लागतं, मुलाला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत.

सरकारचंही सगळीकडं एकच धोरण नाही. २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरा. त्याच वर्षी अर्थ खात्यानं सांगितलं की त्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. म्हणजे रेशन दुकानात त्या दोघी कुटुंब आहेत, दत्तकाच्या कार्यालयात नाहीत.

बापाशिवाय लेकरू नीट वाढतं का? तुम्ही शिक्षिका होतात. बाप असूनही नीट न वाढलेली मुलं तुम्ही वर्गात बघितलीच असतील, त्यामुळं तो युक्तिवाद करत नाही. अभ्यास काय सांगतात ते बघू. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाहाला आणि दत्तकाला मान्यता आहे, जगात सगळ्यात आधी. तिथल्या सरकारी नोंदींवरून २०२० मध्ये एक मोठा अभ्यास झाला. समलिंगी जोडप्यांकडं वाढलेली २,९७१ मुलं आणि इतर घरांतली दहा लाखांहून जास्त मुलं, यांची शालेय प्रगती त्यात ताडून बघितली. पहिल्या गटातली मुलं मागं तर नव्हतीच, थोडी पुढंच होती. यावरून दोन आया असल्या की मूल हुशार निघतं असं समजायचं कारण नाही. अशा जोडप्यांना मूल आपोआप होत नाही, त्यासाठी खटपट, पैसा आणि कित्येक वर्षांची इच्छा लागते. एवढ्या तयारीनं आलेल्या लेकराकडं लक्ष जास्तच दिलं जातं. आणि तिथल्या लेकराला कागदावरही दोन पालक असतात, हे विसरू नका. आपल्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं एप्रिल २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीच्या तोंडावर, समलिंगी व्यक्तींना लग्नाचा आणि दत्तकाचा हक्क असावा असं निवेदन काढलं होतं. अशा मुलांना त्रास होतो तो बहुधा घराबाहेर, चिडवण्याचा. त्यावरचा इलाज वर्गात असतो, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता शेवटचा प्रश्न, मला सगळ्यात आवडलेला. दोन बायकांनी उघडपणे जोडपं म्हणून लेकरू वाढवणं आपल्याकडं नवीनच आहे, ते उगाच जुनं ठरवण्यात अर्थ नाही. पण आईबापाशिवायच्या घरात लेकरू वाढणं, किंवा रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्याबाहेर घर उभं राहणं, जालन्याला नवीन नाही. ऊस तोडायला जोडपी दिवाळीच्या सुमाराला गावं सोडतात. मागं लेकरं आजीकडं, चुलतीकडं, नाही तर हंगामी वसतिगृहात राहतात, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. परतूर, मंठा, घनसावंगी भागातल्या कितीतरी मुलांना सहा महिने आजीनंच वाढवलेलं असतं. फॉर्मवर नाव आईबापाचं, ताप आल्यावर रात्र काढते आजी.

आणि घनसावंगी तालुक्यातलंच जांब, समर्थांचं गाव. बोहल्यावर 'सावधान' ऐकून समर्थ निघून गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. त्यांनी पुढं संसार केला नाही, पण माणसं जोडली. कल्याणस्वामी, वेणाबाई, अक्का. एकमेकांच्या रक्ताची नाहीत, लग्नाची नाहीत, पण समर्थांचं माणूस म्हणून जगली. समर्थांना आजच्या वादात ओढायचा माझा हेतू नाही. लग्नाच्या मांडवातून उठून गेलेल्या माणसाला हा जिल्हा चारशे वर्षं पूजतोय, एवढंच मला त्यातून घ्यायचंय. दत्तकाचं तर काय, बडोद्याचे सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक गेले आणि महाराज झाले.

गोदावरी ओलांडली की पलीकडं बीड जिल्ह्यातलं माजलगाव. तिथले पोलीस शिपाई ललित साळवे तुम्हाला आठवत असतील. भरती झाली ती महिला शिपाई म्हणून. २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, २०२० मध्ये लग्न, आणि जानेवारी २०२४ मध्ये घरात मुलगा आला. त्यांच्या बाबतीत कायद्याची अडचण नव्हती, कारण कागदावर आता ते पुरुष आहेत. केरळातल्या एका तृतीयपंथी जोडप्याचं तसं नव्हतं. तिथं बाळाला जन्म दिला बापानं. दाखल्यावर आई कुणाला लिहायचं, यावर त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, आई आणि वडील हे रकाने काढा, दोघांनाही 'पालक' लिहा. असा एक रकाना पुण्यातल्या त्या मायच्याही कामाचा आहे. त्याच्याच आधी, मे २०२५ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की कुटुंब उभं करायचा लग्न हा एकच मार्ग नाही.

जाता जाता कोकणातलं एक उदाहरण. आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. त्या देशानं २०१५ मध्ये थेट सार्वमत घेतलं आणि ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाह स्वीकारला. त्याच वर्षी तिथं अशा जोडप्यांच्या मुलांसाठीही कायदा झाला. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर वडिलांच्या गावी आले ते आईवडील, बहिणी आणि आपला जोडीदार, सगळ्यांना घेऊन. गावानं स्वागत केलं.

तुमच्या भाचीला त्या दोघींसाठी एक निरोप द्या. वकील गाठा आणि दोघींचंही मृत्युपत्र करा. आईच्या मृत्युपत्रात लेकराची पालक म्हणून मायचं नाव स्पष्ट लिहा. आई मृत्युपत्रातून पालक नेमू शकते. विम्यात लेकराचं नाव घाला, बँकेत संयुक्त खातं उघडा, आणि दवाखान्यासाठी आईच्या सहीचं संमतिपत्र मायच्या पर्समध्ये ठेवा. मामाशीही आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या. कोर्टात तो कुणाच्या बाजूनं उभा राहील, हे पुष्कळदा आधीच्या अशा बोलण्यावर ठरतं.


प्रश्न : मी ३९ वर्षांची, अविवाहित, मंठ्याला सरकारी नोकरीत आहे. मला मूल दत्तक घ्यायचंय. ओळखीच्या एका बाईनं एका दवाखान्यातून 'लगेच' मिळेल असं सांगितलंय. तसं घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. ते दत्तक नाही. कायद्याबाहेर मूल देण्याघेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पैसे मोजले असतील तर ती मुलाची खरेदी-विक्री ठरते आणि कैद पाच वर्षांपर्यंत जाते. वर ते मूल कधीही तुमच्याकडून काढून घेतलं जाऊ शकतं. जालन्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. तिथून 'कारा'च्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळेल. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर एकट्या पालकाचं वय चाळीसपर्यंतच चालतं, त्यामुळं आणखी थांबू नका. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही मर्यादा ४५ आहे, आठपर्यंत ५०, आणि त्याहून मोठ्या मुलासाठी ५५. तान्ह्या बाळासाठी रांग तीन वर्षांहून लांब असते, मोठ्या मुलांसाठी बरीच लहान. नात्यातलंच मूल असेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली नोंदणीकृत दत्तकपत्र करता येतं. मात्र मुलगा घेत असाल तर तुमच्या आणि त्याच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागेल.