दारू सोडताना

यंदाचा निधी व्यसनमुक्तीच्या कामासाठी आहे, म्हणून आम्ही या विषयावर थोडं वाचन केलं. दारूने लिव्हर जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. त्यावर तोड म्हणून मेंदू हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवत नेतो. (आम्ही इंजिनिअर लोक, आम्हाला गाडीच सुचणार!) दारू अचानक थांबली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस बरळायला लागतो. आणि घरचे म्हणतात, "शपथ घेतलीस ना, आता सहन कर!"

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही आधी हा त्रास औषधांनी निभावतात. समुपदेशन, गटचर्चा त्यानंतर.

तेव्हा शपथेआधी डॉक्टर गाठा. फिट आली किंवा भास व्हायला लागले, तर इथे अमेरिकेत सरळ ९११. आणि डॉक्टरांनी "रोज किती घेतात?" विचारलं की लाजेपोटी निम्मा आकडा सांगू नका. औषधाचा डोस त्यावरही ठरतो.